उंबऱ्यातून दिसलेली चांदणी

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दिवेलागणीच्या वेळी पश्चिमेकडे बघायचं नाही, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे कुणी बैठक घेऊन ठरवलं नव्हतं. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक दिवस ओट्यावरची आपली बाज उचलली आणि फिरवून ठेवली, एवढंच. आमच्या सांगवीच्या घराचं दार मावळतीकडे. संध्याकाळी तात्या बाजेवर बसले की समोर रस्ता, रस्त्यापलीकडे ऊस आणि उसावर सूर्य बुडायचा. आता ते भिंतीकडे तोंड करून तंबाखू मळायला लागले. आई तुळशीपुढे दिवा लावायला अंगणात यायची ती पदर इतका पुढे ओढून, की तिला पणतीखेरीज काही दिसू नये. आणि माझी थोरली बहीण विमल, जिला मी आक्का म्हणत असे, ती गच्चीवर अभ्यास करत बसलेली असायची. अंधारायला लागलं की ती वही मिटायची आणि मावळतीकडे पाठ करून, भिंतीला हात लावत जिना उतरायची. बाहेरच्या माणसाने पाहिलं असतं तर या घराला काहीतरी बाधा झाली आहे असंच म्हटलं असतं.

बाधा होती ती शुक्राच्या चांदणीची. आक्काचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सासर नरसिंहपूरजवळचं, इंदापूरच्याही पुढे. माणसं वाईट नव्हती हे आधीच सांगते, कारण ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण लगेच सासू-सासऱ्यांना शिव्या द्यायला सरसावतो. लग्न ठरताना आक्काचं डी.एड.चं एक वर्ष बाकी होतं. ‘शिकू दे की, आमाला बी मास्तरीण सून मिळंल,’ असं तिचे सासरे आबा चारचौघांत म्हणाले होते, आणि तेव्हा मनापासूनच म्हणाले असावेत. पण मग त्यांच्या गोठ्यात बारा जर्सी गाई आल्या, सासूचे गुडघे गेले, आणि पहाटे चारला धारा काढायला सून लागली. आक्का संक्रांतीला माहेरी आली ती पुस्तकं घेऊनच. कॉलेजात हजेरीचं कसंबसं जुळवलं, फॉर्म भरला, आणि परीक्षा होती वैशाख सरता सरता. तोवर तिला घरी ठेवायचं होतं. पण ‘आम्ही लेक परीक्षेसाठी ठेवून घेतोय’ असं व्याह्यांना तोंडावर सांगायचं म्हणजे दिलेल्या घरची अब्रू काढल्यासारखं. तात्यांच्याने ते होईना.

तिथे चांदणी उपयोगी पडली. आमच्याकडे आणि त्यांच्याकडेही रीत अशी, की शुक्राची चांदणी समोर घेऊन लेकीने सासरी जायचं नाही. संक्रांतीच्या सुमाराला ती पहाटे उगवतीला दिसत होती, आणि नरसिंहपूर आमच्या उगवतीलाच. झालं. तात्यांनी पोस्टकार्ड टाकलं: चांदणी समोर आहे, धाडता येत नाही. मग चांदणी पार बुडाली, अस्तच झाला, तेव्हाही नवी लेक धाडत नाहीत. दुसरं पोस्टकार्ड गेलं. आता ती फिरून मावळतीला उगवली, की पाठीशी आली म्हणायची आणि रस्ता मोकळा. पंचांगात तिथी छापलेली असते, पण या रीतीत पंचांग चालत नाही. ज्या दारातून लेक निघायची त्या उंबऱ्यात उभं राहून घरच्या माणसाला ती डोळ्यांनी दिसली पाहिजे. व्याह्यांना त्यांच्या अंगणातून दिसून उपयोग नाही. आबांचं कार्ड यायचं, ‘चांदणी दिसली की कळवणे’. आणि तात्या उलट लिहायचे, ‘रोज सायंकाळी वळवाचे आभाळ येते, अद्याप दर्शन नाही’. दोन्ही घरांना सगळं कळत होतं आणि दोन्ही घरं आकाशाकडे बोट दाखवत होती, त्यामुळे कुणाचाच अपमान होत नव्हता.

मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कवयित्री झाले होते. झाले होते हे माझं मत, घरचं नव्हे. नंदा हे माझं नाव सोडून आक्का मला ‘कवीबाई’ म्हणायची. मराठीच्या सरांनी एक पूर्ण महिना आम्हाला कवितेतली संध्याकाळ शिकवली होती. मावळता सूर्य म्हणजे सरणारं आयुष्य, गोठ्याकडे परतणारी गुरं म्हणजे ओढ, कातरवेळ म्हणजे विरह, आणि सगळं विझल्यावर एकटीच उमलणारी चांदणी म्हणजे हाताला न लागणारं सुख. मी वही भरभरून उतरवून घेतलं होतं. त्या वयात मला संध्याकाळ झाली की घरात बसवत नसे. कारखान्याचा भोंगा झाला, दुधाचे कॅन लटकवलेली राजदूत धडधडत गेली, पाटाचं पाणी कुणी तरी दुसऱ्या वाफ्यात वळवलं, की माझ्या छातीत काहीतरी कुरतडायला लागायचं. ओट्यावर जा, परत ये, माठातलं पाणी पी, पुन्हा ओट्यावर जा. आई म्हणायची, ‘आगं, बूड टेक की कुठंतरी, का किडं पडल्यात?’ हे कुरतडणं म्हणजेच प्रतिभा, अशी माझी पक्की समजूत होती. आज एवढं वय झालं तरी दिवेलागणीला ते कुरतडणं होतंच, आणि प्रतिभेचं म्हणाल तर तिचा तिथे काही संबंध नव्हता. डॉक्टर त्याला पित्त म्हणतात.

त्या वैशाखात घरात कुरडयांची धांदल होती. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास घरभर. पहाटे आई आणि आक्का चुलीवर चीक शिजवायच्या, आणि सोऱ्यातून घातलेल्या पांढऱ्या शुभ्र कुरडया उन्हं चढायच्या आत गच्चीवरच्या धोतरांवर पसरायच्या. गरम चीक वाटीत घेऊन त्यावर तेल, तिखट घालून खायचा हा माझा हक्काचा नाश्ता. तो खाऊन मी सरांच्या सुट्टीतल्या जादा तासांसाठी एसटी पकडायला पळायचे. दुपारी आक्का कुरडयांची राखण करत गच्चीवर, डोक्यावर ओला पंचा टाकून, भिंतीला पाठ शिकवायची. खरोखर भिंतीला. हातात खडू, आणि ‘मुलांनो, आज आपण अपूर्णांक बघणार आहोत’ असं मोठ्याने. भिंतीवर तिने पोळीचे चार भाग काढले होते. कावळा आला की ती अपूर्णांक सोडून ‘हाड हाड’ करायची आणि पुन्हा जिथल्या तिथे सुरुवात करायची. मला हसू यायचं. ही गोष्ट कवितेची नाही असंही मला वाटायचं. अपूर्णांकात आणि कुरडयांत कसली आली कविता?

अक्षय्य तृतीयेला पुरणपोळी आणि आमरस झाला. पाण्याने भरलेल्या करा-केळीची पूजा झाली. दुपारभर सगळे सुस्तावले. त्या दिवशी संध्याकाळी, आठवडाभरात पहिल्यांदाच, मावळतीचं आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. मी पाण्याची कळशी आत घेऊन येत होते आणि उंबऱ्यात पाय अडला म्हणून थांबले. मागे वळून पाहिलं. उसाच्या वर अगदी बारीक चंद्रकोर होती आणि तिच्याही खाली, शेंड्यांना लागून, चांदणी. आभाळ अजून तांबूसच होतं. चांदणी लुकलुकत नव्हती, नुसती होती. पाच-सात मिनिटं मी तिथे उभी राहिले, कळशी कमरेवर, पाणी पोलक्यात झिरपत होतं. मग ती उसात गेली. तात्या भिंतीकडे तोंड करून बसले होते, आई पणतीवर वाकली होती, आक्का पाठमोरी जिना उतरत होती. या घरात एकटीला मला ती दिसली, म्हणून मी शहारले.

आत जाऊन कंदिलाशी बसून मी कविता लिहिली. दोन कडवी तेवढी आठवतात:

उंबऱ्यात मी, हाती सांज,
उसावर एक थरथर;
घरादाराने पाठ फिरवली,
तुझ्याच साठी माझी नजर.

ये ना खाली, ये ना जवळी,
सुखा, असा का दूर उभा?
तू दिसलास नि भरून गेली
माझ्या डोळ्यांत आभाळसभा.

आभाळसभा! हा शब्द सुचल्यावर मी उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या. सरांनी एक शिस्त लावली होती: खरा कवी कवितेखाली स्थळ आणि काळ लिहितो. मी लिहिलं, ‘सांगवी, अक्षय्य तृतीया, सायंकाळ’. दुसऱ्या दिवशी बारामतीला उतरल्यावर स्टँडजवळच्या एका छोट्या साप्ताहिकाच्या कचेरीत कविता देऊन आले. लोक पुढे मला विचारायचे, तुला एवढंही कळलं नाही का? कळायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर आक्काचा विचारच माझ्या मनात आला नाही. घरात जिच्यावरून पोस्टकार्डं येत-जात होती ती चांदणी आणि माझ्या कवितेतली चांदणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, अशा थाटात मी वावरत होते. माझी ती प्रतीक होती. त्यांची ती आपली गावठी रीत.

कविता आली. माझं पूर्ण नाव, खाली स्थळ, तिथी. सरांनी वर्गात वाचून दाखवली आणि ‘अनुभवातून आलेली आहे, उसनी नाही’ असं म्हणाले. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. घरी अंक दाखवला तेव्हा आईने नाव वाचून तो देवापुढे ठेवला. तात्यांनी मात्र चष्मा लावून कविता वाचली, खालची ओळ वाचली, आणि अंक पुन्हा देवापुढे न ठेवता घडी घालून उशाखाली सरकवला. मला वाटलं, बापाचं कौतुक असंच असतं.

चौथ्या दिवशी दुपारी दारात जीप थांबली आणि आबा उतरले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात नातेवाइकांसाठी आणतात तसा केळ्यांचा घड. पाय धुतले, पाणी प्यायले, चहा झाला. सासूच्या गुडघ्यांचं झालं, दोन गाई आटल्या त्याचं झालं. आक्का डोक्यावर पदर घेऊन पाया पडून गेली. मग त्यांनी कोपरीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. तो अंक इंदापूरला, दूध डेअरीच्या कचेरीत, त्यांच्या हाती लागला होता.

‘तात्या,’ ते म्हणाले, ‘आमच्याकडं दिसाय लागून पंधरवडा झाला. मी काय बोललो न्हाय. आमचं बघणं चालत न्हाय, रीत हाय. पर हे बघा.’ आणि त्यांनी माझी कविता वाचायला घेतली. एकेक शब्द बोटाखाली धरून, अडखळत, गीता वाचावी तितक्या गंभीरपणे. ‘आभाळसभा’ला ते थांबले, दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘सांगवी. आखितीची सांज. उंबऱ्यात मी, म्हणती. घरच्या माणसानं उंबऱ्यातनं बघितली की.’ माझ्या कवितेचा इतका बारकाईने अर्थ लावणारा वाचक मला पुढे मिळाला नाही.

तात्या हसले. मी त्यांना तसं ओढूनताणून हसताना कधी पाहिलं नव्हतं. ‘आवो आबा, पोरगी कविता करती. कवितेत काय खरं असतंय व्हय? कवितेत नदी बोलती, झाड रडतंय. सांज म्हणली की चांदणी घालायचीच, मीठ घातल्यावानी. मास्तर तसंच शिकीवत्यात त्यास्नी.’

आबांनी मान डोलावली. मला आज खात्री आहे, की त्यांनाही हे चाललं असतं. ते वाट अडवायला आले नव्हते, विचारायला आले होते. कुणीतरी नीट शब्दांत ‘नाही’ म्हटलं असतं तर ते केळी ठेवून जीपमध्ये बसले असते आणि घरी जाऊन म्हणाले असते, अजून दिसली नाही म्हणतात. ते माझ्याकडे वळले. ‘पोरी, तूच सांग. बघितलीस, का निस्ती कल्पना हाय?’

मी खांबाला टेकून उभी होते. आई स्वयंपाकघराच्या दारात, हात पदराला पुसायचे थांबवून. तिच्या मागे आक्का. परीक्षेला अकरा दिवस होते. मला एक शब्द म्हणायचा होता. कल्पना. नाहीतर नुसती मान हलवायची होती. पण तात्यांनी माझ्या चांदणीला मीठ म्हटलं होतं, आणि आबांनी ‘निस्ती’ म्हटलं होतं, आणि सरांनी पस्तीस मुलांपुढे ‘उसनी नाही’ म्हटलं होतं. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी अगदी पुस्तकी, स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘कल्पना नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. याच उंबऱ्यात उभं राहून.’

आबांनी अंकाची घडी घातली, खिशात ठेवली. ‘चांगलं लिवतीस,’ ते म्हणाले, आणि ते खोचक नव्हतं. मग तात्यांकडे बघून, थोडं ओशाळून, ‘मग उद्या सकाळच्या पारी निघू म्हणतो.’ तात्या म्हणाले, ‘व्हय. आता काय.’ आईने रात्री आबांसाठी शिरा केला. नव्या कुरडया तळल्या. जेवताना त्या इतक्या कुरकुरीत वाजत होत्या, की मला तिथे बसवेना.

आक्काची परीक्षा राहिली ती राहिलीच. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले होते, त्याच्या पुढच्या वर्षी सासू अंथरुणाला खिळली. मग तिने गावात अंगणवाडी चालवली, पुष्कळ वर्षं, मानधनावर. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आज बारामतीच्या एमआयडीसीत मोटारसायकलवरून कामाला येतात आणि मी नरसिंहपूरचं नाव काढलं की म्हणतात, ‘विमलताईंच्या भैन व्हय तुमी?’ आक्काला याचं दुःख आहे का, हे मी तिला विचारू शकलेले नाही. माझे दोन कवितासंग्रह निघाले. दोन्हींत संध्याकाळी आहेत. लोकांना त्या आवडल्या. एका समीक्षकाने माझ्या कवितेतल्या चांदणीवर चार पानं लिहिली आणि ती अप्राप्याचं प्रतीक असल्याचं सिद्ध केलं. मी त्याला आभाराचं पत्रही पाठवलं. सभेत मी हा उन्हाळा कधी सांगितला नाही. लाज वाटते, आणि ती लाज जुनी झाली म्हणून कमी होत नाही. हल्ली तर संध्याकाळी मी खिडक्या लावून घेते, टीव्ही मोठ्याने लावते, आणि तरी उठून दोनदा दार उघडून बघतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप तयार होती. आबा आणि तात्या पुढे गेले होते. आई ओटीचं सामान विसरलं म्हणून आत पळाली. अंगणात मी आणि आक्का, दोघीच. तिच्या पिशवीत वरती कुरडयांचा डबा होता, खाली पुस्तकं. ती रडलेली नव्हती. ती रडली असती, मला दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. मला काहीतरी बोलायचंच होतं, स्वतःला सोडवून घ्यायला. मी म्हणाले, ‘आक्का, मला कळलंच नाही गं. मला एकटीलाच दिसली होती ना, म्हणून...’

‘एकटीला?’ ती म्हणाली. तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, नवल होतं. ‘आगं, तात्यास्नी तुझ्या आदी दिसली. बाज उगंच फिरीवली का त्यांनी? आईला दिवा लावताना दिसली, ती मला सोताच म्हणाली. मला तर गच्चीवरनं रोज दिसायची. रोज, नंदे. वही मिटायची आन् बघायची, मग खाली यायची. आमी फकस्त बोललो न्हाय.’

‘मग मला का सांगितलं नाही कुणी?’

आई ओटीचं घेऊन दारातून येत होती. आक्काने पदर नीट केला, पिशवी उचलली, आणि जाता जाता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘तुला काय सांगायचं? तू घरातलीच न्हवं का?’